स्वखुशीने

फोंड्यात एका वकिलांच्या कचेरीत मी अठरा वर्षे टायपिंग केले. आधी टाइपरायटरवर, मग संगणकावर. या अठरा वर्षांत मी सर्वांत जास्त वेळा कोणता शब्द टाइप केला असेल, तर तो ‘स्वखुशीने’. बाप गेला की वर्ष-दोन वर्षांनी घरातले सगळे मिळून कचेरीत येत. भाऊ पुढे, वहिन्या मागे, आणि शेवटी लग्न होऊन गेलेल्या बहिणी, आपापल्या नवऱ्यांसकट. मजकूर तयार असायचा: अमुक अमुक, वय पन्नास, विवाहित, गृहिणी, ही वडिलांच्या पश्चात तिला मिळालेला वारसाहक्क स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाविना आणि मोबदल्याविना सोडत आहे. दस्त इंग्रजीत. त्या बाईला तो कोकणीत समजावून सांगायचे काम वकील माझ्यावर सोपवत. मी सांगायचे. ती मान हलवायची आणि विचारायची, “सय खंय करूं?” सही कुठे करू?

किती जमीन आहे, बाजारभाव काय, मी सही केली नाही तर काय होईल, हे अठरा वर्षांत मला विचारणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजता येतील.

हे सगळे आता आठवायचे कारण म्हणजे गोव्याचे सध्या देशभर चाललेले कौतुक. उत्तराखंडाने २०२४ मध्ये समान नागरी कायदा केला, २०२५ च्या जानेवारीत तो लागू झाला, आणि वाहिन्यांवरच्या प्रत्येक चर्चेत कोणीतरी म्हणतेच, ‘गोव्यात पाहा, दीडशे वर्षे आहे!’ सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबर २०१९ मधल्या एका निकालात गोव्याचे उदाहरण लखलखीत म्हणून दिले. आम्हा गोवेकरांनाही ते ऐकून बरे वाटते. बायकांच्या बाबतीत आपण बाकीच्या देशाच्या पुढे, असे आम्ही पणजीपासून पेडण्यापर्यंत एकमेकांना सांगत असतो. माझे म्हणणे एवढेच की कायदा पुढे होता, यात शंका नाही. पण त्या कायद्याने दिलेला हक्क परत घ्यायची सोय आम्ही घरातल्या घरात करून ठेवली. ती सोय म्हणजे सही.

कायद्याचे श्रेय आधी देऊन टाकते. पोर्तुगालचा १८६७ चा नागरी कायदा १ जुलै १८७० पासून गोव्यात लागू झाला. त्याने बापाच्या इस्टेटीत मुलगा-मुलगी असा भेद ठेवला नाही. बापाला मृत्युपत्र करायचे असेल तर निम्म्याच मालमत्तेचे. उरलेली निम्मी मुलांची, ती कोणी काढून घेऊ शकत नाही. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, दोघांचा अर्धा अर्धा वाटा, त्यात वडिलोपार्जित भाट, म्हणजे माडांची बागायतसुद्धा आली. पोर्तुगालमध्ये १९१० साली प्रजासत्ताक आले आणि दोन महिन्यांच्या आत घटस्फोटाचा कायदा झाला. तोही इथे आला. शेजारच्या सावंतवाडीत राहणाऱ्या हिंदू बाईला कायद्याने घटस्फोट मिळायला १९४७ नंतरचा काळ उजाडावा लागला, आणि एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलाइतका जन्मसिद्ध हक्क मिळायला १९९४, त्याआधी लग्न झालेलीला तर २००५. बांद्याच्या तपासणी नाक्याच्या अलीकडे आणि पलीकडे दोन मुली जन्मल्या असतील, तर एक वारसदार आणि दुसरी पाहुणी, असा हा फरक होता.

हे दान कुठल्या हाताने आले, ते मात्र विसरू नये. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर अल्बुकर्कने सती बंद केली, हे आमच्याकडे अभिमानाने सांगतात. पन्नास वर्षांनी त्याच राज्याने इन्क्विझिशन आणले, ते जरा हळू आवाजात सांगतात. बाईचे कल्याण हा त्या राज्याचा हेतू कधीच नव्हता. खुद्द पोर्तुगालमध्ये १९११ साली एका विधवा डॉक्टर बाईने, करोलिना बियात्रिस आंजेलु हिने, ‘कुटुंबप्रमुख’ या शब्दाचा आधार घेऊन मत दिले, तर १९१३ मध्ये त्यांनी कायद्यात ‘पुरुष’ असा शब्द घालून ती फट बुजवली. तिथल्या बायकांना पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार १९७४ च्या क्रांतीनंतर मिळाला. आमच्या आज्या-पणज्यांनी डिसेंबर १९६३ मध्ये, मुक्त गोव्याच्या पहिल्या विधानसभा निवडणुकीत, रांगेत उभे राहून मत दिले होते. म्हणजे मताच्या बाबतीत भारताने जे एका फटक्यात दिले, ते ज्यांच्या कायद्याचे आपण गोडवे गातो त्यांनी आणखी अकरा वर्षे दिले नव्हते.

आणि ‘समान’ हा शब्दही जरा तपासून घ्यावा. कॅथलिकांच्या लग्नाला १९४६ च्या फर्मानाने चर्चची वेगळी वाट आहे. हिंदूंसाठी १८८० ची रूढी-परंपरांची संहिता आहे, आणि तिच्यात हिंदू नवऱ्याला दुसरी बायको करायची मुभा लिहिलेली आहे: पहिलीला वयाच्या पंचविशीपर्यंत मूल झाले नाही तर, किंवा तिशीपर्यंत मुलगा झाला नाही तर. अट एकच, पहिलीची संमती. म्हणजे तिथेही तिची सही! हे कलम आता कोणी वापरत नाही, म्हणून ते मेलेले आहे, असे वकील सांगतात. मेलेले असेल तर पुरून का टाकत नाहीत, हे मात्र कोणी सांगत नाही. मुलगा झाला नाही हे कारण ज्या कायद्यात छापलेले आहे, तो देशाला आदर्श म्हणून दाखवताना निदान आवाज खाली असावा.

आता संसाराच्या सामाईक मालमत्तेकडे वळते, कारण सगळी मेख तिथे आहे. मालकी दोघांची, पण कारभार नवऱ्याचा, असे १८६७ च्या नागरी कायद्यानेच ठरवले. नवरा गैरहजर असेल किंवा असमर्थ असेल तरच कारभार बायकोकडे. स्थावर विकायचे असेल तर तिची संमती लागते, आणि ही फार मोठी गोष्ट आहे, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. दारूच्या नादात भाट विकायला निघालेल्या नवऱ्याला एका बाईने केवळ “मी सय करची ना” एवढे म्हणून थांबवलेले मला आठवते. त्या दिवशी ती कचेरीतून उठून सरळ कदंबाच्या बसला गेली. नवरा, दलाल आणि गिऱ्हाईक तिघे तिथेच बसून राहिले. गोव्याच्या कायद्याने बाईला काय दिले असे कोणी विचारले तर मी त्या बाईची पाठमोरी आकृती सांगेन. पण जमीन सोडून बाकीचे? धंदा, ट्रक, बोट, बँकेतले पैसे, भागीदारी? त्याचा कारभार त्याचा. अर्ध्याची मालकीण असलेली बाई महिन्याच्या खर्चाला हात पसरते, हे दृश्य पाहायला फार लांब जावे लागत नाही.

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातले कलम ५अ बाहेरच्यांना सांगितले तर खरे वाटत नाही. गोव्यात सामाईक मालमत्तेत असलेल्या जोडप्याचे पगार सोडून बाकीचे उत्पन्न दोघांत निम्मे निम्मे धरले जाते आणि प्रत्येकाने आपापल्या निम्म्यावर कर भरायचा. १९९४ च्या वित्त कायद्याने हे कलम घातले. नवऱ्याच्या दुकानाचा नफा दहा लाख असेल, तर पाच लाख बायकोचे. कागदावर ती पाच लाख कमावते. विवरणपत्र तिच्या नावाने भरले जाते, पॅनकार्ड तिचे, सही तिची. आमच्या शेजारच्या सीएच्या कचेरीत जुलै महिन्यात अशा सह्यांचा ढीग लागायचा. त्यातल्या कितीजणींना आपले उत्पन्न विचारले असते तर सांगता आले असते? कर वाचवायला बायको अर्धी मालकीण चालते. तिने त्या पाच लाखांतून माहेरच्या छपरासाठी पन्नास हजार मागितले, की ती ‘पैसे उडवणारी’ होते.

लग्नाची नोंदणीसुद्धा सहीचीच गोष्ट. आपल्याकडे हिंदूंचे लग्न भटजींच्या मंत्रांनी कायद्याने होत नाही. निबंधकाकडे दोनदा जावे लागते. आधी इच्छा जाहीर करायची, मग दोन आठवडे उलटल्यावर कायम करायची. दुसरी सही झाली की लग्न. लोक पहिल्या सहीलाच ‘रजिस्टर झाले’ म्हणतात, हॉलमध्ये जेवणावळ उठते, आणि दुसरी सही राहून जाते. मग दोन-चार वर्षांनी नवरा म्हणतो, लग्न झालेच कुठे? ‘बायलांचो साद’सारख्या स्त्रियांच्या संघटना आणि इथल्या काही वकील बायका याबद्दल कितीतरी वर्षे कंठशोष करत आहेत. मला तर वाटते, मुलीच्या लग्नात हॉल, केटरर आणि फोटोवाल्याची जेवढी चौकशी होते, त्याच्या दशांश जरी दुसऱ्या सहीची झाली तरी पुष्कळ रडे टळेल.

पण कायद्याला जिथे आत जाताच आले नाही, अशा दोन जागा गोव्यात आहेत. एक गावकरी, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीतला हक्क, दुसरी महाजनकी, म्हणजे देवळाच्या कारभारातला. कोमुनिदादीचा, म्हणजे ती जमीन राखणाऱ्या गावसंस्थेचा, गावकार हा पुरुषवंशाने ठरतो. त्याच गावात जन्मलेली, त्याच शेताच्या बांधावरून शाळेत गेलेली मुलगी गावकार नाही. तिचा मुंबईत जन्मलेला भाऊ आहे. झोण, म्हणजे त्या जमिनीच्या उत्पन्नाचा वार्षिक वाटा, त्याला, सभेत मत त्याला. देवस्थानांचे तेच. पोर्तुगिजांनी मझनींचे, म्हणजे देवळांच्या महाजन-मंडळांचे, नियम १९३३ मध्ये नव्याने केले, मुक्तीनंतर सरकारने तेच चालू ठेवले, आणि बहुतेक देवळांच्या महाजन-यादीत आजही घराण्याचे पुरुषच असतात. जत्रेला सुवासिनी दिवजे घेऊन रात्रभर चालतात, देवळाचे अंगण सारवायला बायका, नैवेद्य शिजवायला बायका, आणि आमसभेत? जमिनीच्या वाट्याला समान म्हणायला आम्ही तयार झालो, कारण तो वाटा सहीने परत घेता येतो. गावातला मान सहीने परत घेता येत नाही. म्हणून तो मुळात दिलाच नाही.

याला कोणी म्हणेल, ही धार्मिक बाब आहे, प्रथा आहे. प्रथा बदलत नाहीत असे निदान गोव्यात तरी म्हणू नये. याच देवळांशी बांधलेल्या कलावंतिणी आणि भाविणी होत्या. त्यांच्या मुलांना शाळेत बापाचे नाव विचारले की मान खाली घालावी लागे. राजाराम पैंगीणकरांनी आपल्या आत्मकथेला ‘मी कोण?’ असे नाव दिले, ते उगाच नाही. त्या समाजाने, आजच्या गोमंतक मराठा समाजाने, विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत स्वतः उठून ती प्रथा मोडली. त्यासाठी पोर्तुगीज संहितेने काही केले नव्हते. सामाईक मालमत्तेची सगळी कलमे लग्न झालेल्या बायकोसाठी होती, आणि या बायकांना लग्नच नाकारलेले होते. माझ्या मते गोव्यातल्या स्त्री-हक्कांच्या इतिहासातले सर्वांत मोठे पान हे आहे, आणि ते कुठल्याही सरकारने लिहिलेले नाही. त्या सुधारणेतही एक बोच आहे, ती लपवायचे कारण नाही. कुटुंबाचे नाव, घर, गळ्यातली विद्या आईकडून लेकीकडे जात असे. लग्न मिळाले तेव्हा कितीतरी घरांतून तंबोरा गुंडाळून ठेवला गेला. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर यांनी तो ठेवला नाही. दोघींची आडनावे बघा, गावांची आहेत. केसरबाईंचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानातून सूर्यमालेच्या बाहेर निघाला. देवळाच्या चौकातून निघालेल्या बाईला आकाश मिळाले. आमसभेत खुर्ची मिळाली असती का, ते तुम्हीच सांगा.

मुक्तिलढ्याचेही तसेच. जून १९४६ मध्ये लोहियांच्या सभेनंतर मडगावात वत्सला कीर्तनी या मुलीला पोलिसांनी धरले, तेव्हा बायका जमून पोलीस चौकीवर गेल्या. सुधाताई जोशी ६ एप्रिल १९५५ रोजी म्हापशाच्या सत्याग्रही अधिवेशनात अध्यक्ष म्हणून उभ्या राहिल्या आणि तिथूनच तुरुंगात गेल्या. लिबिया लोबो सरदेसाईंनी १९५५ पासून सहा वर्षे सीमेवरच्या जंगलातून चोरटे रेडिओ केंद्र चालवले आणि मुक्ती होताच विमानातून ध्वनिवर्धकावर गोव्याला ती बातमी सांगितली. या बायका जिवंत होत्या, समोर होत्या. १९६२ च्या कायद्याने पोर्तुगीज कायदे जसेच्या तसे चालू ठेवले तेव्हा त्यांना कोणी विचारले का, की बाई, यातले काय ठेवायचे आणि काय टाकायचे? पोर्तुगालने स्वतः १९६६ मध्ये ती संहिता बदलली, १९७७ च्या सुधारणेने नवऱ्याचे ‘कुटुंबप्रमुख’पद काढून टाकले. ज्यांचा कायदा त्यांनी तो कालबाह्य ठरवला आणि आम्ही तो वारसा म्हणून जपला. वारसाहक्काची प्रकरणे आम्ही २०१२ च्या नव्या कायद्यात घेतली, तोही लागू व्हायला २०१६ चा डिसेंबर लागला.

राजकारणाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण लिहिण्यासारखे थोडेच आहे. १९७३ मध्ये शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. १९७९ मध्ये पायउतार झाल्या. त्यानंतर एकही बाई त्या खुर्चीत बसली नाही. २०२२ मध्ये चाळीस आमदारांत तीन बायका निवडून आल्या, आणि तिघींचेही नवरे त्याच सभागृहात निवडून आले. त्या तिघींच्या कर्तबगारीबद्दल मला काही म्हणायचे नाही, मते त्यांनाही लोकांनीच दिली. पण नवरा आमदार नसलेल्या एकाही बाईला चाळीसातली एक जागा मिळू नये? सामाईक मालमत्तेचा नियम आम्ही विधानसभेलाही लावलेला दिसतो.

तरी बायका सही का करतात, हा खरा प्रश्न आहे. अडाणी म्हणून नव्हे. २०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या स्त्रियांची साक्षरता जवळजवळ पंच्याऐंशी टक्के होती. माझ्यासमोर सही करणाऱ्यांत शिक्षिका होत्या, बँकेतल्या बायका होत्या, एक तर स्वतः वकील होती. मारझोड करून सही घेतल्याचेही मी क्वचित पाहिले. सही होते ती चवथीसाठी, म्हणजे गणेशचतुर्थीसाठी. गणपतीवर फळापानांची माटोळी बांधलेल्या घरात दरवर्षी जाता यावे, भावाने भाऊबीजेला यावे, आई आजारी पडली तर दार उघडे मिळावे, यासाठी. वाटा मागणारी बहीण माहेर गमावते, हे प्रत्येकीला ठाऊक असते. लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला लेकीच्या घरी वझे वाजतगाजत पाठवायचे, फळफळावळ, नेवऱ्या, लाडू, सगळ्या वाड्याला दिसेल असे. आणि वीस वर्षांनी पोफळीच्या कुळागराचा वाटा तिने निमूट सोडायचा. वझे दिले म्हणजे वाटा दिला, अशी आमची समजूत आहे. भाऊही सगळेच वाईट नसतात. ‘आईबापांना मी सांभाळले’ हे कितीकदा खरे असते. पण सांभाळण्याचा हिशेब मांडायचा तर त्याच्या बायकोने किती सांभाळले तेही मांडावे, आणि तिच्या माहेरच्या दस्तावर तिने कधी सही केली तेही.

म्हणून समान नागरी कायद्याच्या गप्पा मला आता ऐकवत नाहीत. माझी मागणी फार लहान आहे, आणि ती दिल्लीला नव्हे, पणजीला आहे. वारसाहक्क सोडल्याचा दस्त नोंदवताना अधिकाऱ्याने त्या बाईला एकटीला, भाऊ आणि नवरा बाहेर बसवून, विचारावे. मालमत्तेची यादी आणि सरकारी दराने तिच्या वाट्याची किंमत दस्तातच लिहावी, म्हणजे आपण साडेतीन हजार चौरस मीटर सोडतो की पायरीचा दगड, हे तिला कळेल. आणि लग्नाला आपण जशा दोन सह्या ठेवल्या, तशा इथेही ठेवाव्यात: पहिली आज, दुसरी तीन महिन्यांनी. लग्न करायला विचाराची सवड हवी आणि बापाची जमीन सोडायला नको, हा कुठला न्याय? वकील मंडळी म्हणतील, यामुळे व्यवहार अडतील. अडू देत. आज फ्लॅट-बंगल्यांसाठी गोव्याचे डोंगर ज्या वेगाने विकले जात आहेत, तो तीन महिन्यांनी मंदावला तर कुणाचे बिघडणार आहे?

मीसुद्धा सही केलेली आहे. माझ्याच कचेरीत, माझ्याच हाताने टाइप केलेल्या दस्तावर. ‘स्वखुशीने’ हा शब्द मी नेहमीच्या सवयीने टाइप करून गेले आणि थांबले, ते सही करताना. भाऊ पेन घेऊन उभा होता. घाई अशी त्याची नव्हती, त्याला फक्त दुपारची बस गाठायची होती. कुठे सही करायची हे मला कोणाला विचारावे लागले नाही, एवढाच माझ्यात आणि इतर बायकांत फरक.

भाऊ गेल्या वर्षी वारला. त्याला एक मुलगा, एक मुलगी. परवा भाचीचा फोन आला. दादाने दस्ताचा मसुदा व्हॉट्सॲपवर पाठवला होता, सोमवारी फोंड्याला यायला सांगितले होते, आणि तिला विचारायचे होते की आधारकार्डाची झेरॉक्स पुरेल ना. मी म्हटले, मसुदा मला पाठव, आणि सोमवारी जाऊ नकोस. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आते, पण चवथ आठ दिवसांवर आली गो.”